एकेचाळीस भोकं आणि वीतभर अंतर

मित्रांनो, अल्जीरियातल्या जुर्जुराच्या डोंगरात गेल्या सत्तर वर्षांत ज्या ज्या बाईचं कपाळ चांदीनं उजळलं, ते माझ्यामुळे उजळलं. सरकारं बदलली, नाण्यांवरची चित्रं बदलली, पण या डोंगराच्या सौंदर्याची सूत्रं अखंड माझ्याच हाती राहिली.

मला हात नाहीत, ही गोष्ट वेगळी. मला भोकं आहेत. एकेचाळीस. मी एक जुनी पोलादी पट्टी आहे. दागिने घडवणारे चांदीची तार ओढायला वापरतात तसली. लांबी दीड वीत, रंग उंदराचा, वजन एका बऱ्यापैकी कोंबडीइतकं.

माझा जन्म एका मालमोटारीच्या स्प्रिंगच्या पाट्यातून झाला. ती मोटार आमच्या अगूनी गावाखालच्या दरीत कोसळली होती. ती परक्या लष्कराची होती की सार्डिन मासे विकणाऱ्याची, यावर गावात दोन मतं आहेत. लष्कराच्या बाजूचे लोक जास्त आहेत, कारण त्यात शौर्य आहे. मी स्वतः माशांच्या बाजूची आहे. लहानपणी माझ्या अंगाला वास यायचा.

दा हम्मू नावाच्या कारागिरानं तो पाटा घरी आणला. आमच्याकडे वडीलधाऱ्याच्या नावाआधी 'दा' आणि बाईच्या नावाआधी 'ना' लावतात. नाही लावलं तर मोठी माणसं बहिरी होतात. तर दा हम्मूनं एक अख्खा हिवाळा बसून मला भोकं पाडली. प्रत्येक भोक आधीच्यापेक्षा जरासं बारीक. पहिल्यातून मक्याचा दाणा जाईल, शेवटच्यातून मुंगीचा पाय.

माझं काम सोपं आहे, म्हणजे माझ्यासाठी. चांदीची कांडी घ्यायची, टोक कानशीनं निमुळतं करायचं, मेण लावून पहिल्या भोकात घालायचं, पलीकडून सांडशीनं धरायचं आणि पाय बाकाला टेकवून ओढायचं. मग दुसऱ्या भोकातून. मग तिसऱ्या. मधे मधे तारेला ताव द्यायचा, नाही तर ती रुसून तुटते. शेवटी केसासारखी तार हातात येते. अशा दोन तारांना पीळ द्यायचा, त्याची नक्षी चांदीच्या चकतीवर डाखानं बसवायची, आणि नक्षीच्या घरांत निळा, हिरवा, पिवळा मिना भरायचा. मधे पोवळं. हा आमच्या डोंगराचा दागिना.

त्यातला सगळ्यात मानाचा म्हणजे तळहाताएवढा गोल दागिना. बाईला मुलगा झाला की ती तो कपाळावर लावते. मुलगी झाली तर लहानसा घडवतात आणि तो ती छातीवर लावते. कपाळ ते छाती, अंतर एक वीत. या वीतभर अंतरात किती बायकांचं आयुष्य गेलं, ते मी मोजलेलं नाही. मला फक्त तार ओढायची असते.

दा हम्मूनंतर मी त्याच्या मुलाकडे, दा अक्लीकडे आले. ती माझी भरभराटीची वर्षं. दा अक्लीचा हात असा, की दुसऱ्या गावचे कारागीर दारात उभे राहून बघत आणि काही न बोलता जात. आमच्या धंद्यात याला स्तुती म्हणतात. मग कधीतरी अल्जीयर्सहून तयार तारेची रिळं यायला लागली. दा अक्लीच्या खांद्यात कळ येत होती. त्यानं एक रीळ घेतलं, मग दुसरं, आणि एक दिवस कामाच्या खोलीच्या खिडकीचं दार वाऱ्यानं आपटत होतं म्हणून त्यानं मला त्यात अडकवलं. तिथं मी अकरा वर्षं होते. मित्रांनो, पावसाकडे पाठ आणि आपल्याच बाकाकडे तोंड करून अकरा वर्षं उभं राहणं काय असतं, ते तुम्हाला सांगून कळणार नाही. गंज कुठून सुरू होतो माहीत आहे का? ज्या बाजूला कुणी बघत नाही, त्या बाजूनं.

मला तिथून काढलं ते सक्कूरानं.

सक्कूरा ही दा अक्ली आणि ना वर्दियाची एकुलती एक मुलगी. शिकून ती तीझी उझू शहरात विम्याच्या कचेरीत लागली. तिथं आठ वर्षं तिनं लोकांच्या ठोकलेल्या मोटारींचे अर्ज भरले. नववं वर्ष लागलं तेव्हा तिनं राजीनामा दिला, बसमधून उतरली, ट्रंक दारात ठेवली आणि सरळ येऊन खिडकीतून मला उपसलं.

दा अक्ली म्हणाला, "आता खिडकी कशानं अडकवू?"

"माझं पदवीचं प्रमाणपत्र आहे, बाबा. जाड पुठ्ठ्याचं आहे."

तिनं राख आणि तेलानं मला आठवडाभर घासलं. एकेका भोकात काडी घालून गंज काढला. असं कुणी अंग चोळून दिलं की माणूस काय, पोलादसुद्धा जरा हळवं होतं. पहिली तार ओढताना तिचे तळहात सोलून निघाले. दुसऱ्या दिवशी फडकं बांधून तिनं पुन्हा ओढली. तिसऱ्या दिवशी दा अक्ली दारात उभा राहून बघत होता. काही न बोलता गेला.

स्वतःचा धंदा म्हणजे काय, हे मी त्या वर्षी पाहिलं. तार ओढणारी तीच, डाख देणारी तीच, फोटो काढणारी तीच, खोक्यात भरणारी तीच आणि गिऱ्हाइकांना उत्तरं देणारीही तीच. बाहेरदेशी गेलेले आमचे लोक फोनवर फोटो बघून मागणी करत. एक जण विचारी, चांदी खरी आहे का. दुसरा विचारी, फोटोतलाच हवा पण वेगळा मिळेल का. माँट्रियलहून एका बाईनं लिहिलं, की कानातलं फार सुंदर आहे, फक्त थोडं कमी हातानं केलेलं वाटलं असतं तर बरं झालं असतं. सक्कूरानं तिला मनापासून आभार मानणारं उत्तर लिहिलं आणि मग ऐरणीवर एक रिकामा पत्रा अर्धा तास ठोकला.

दा अक्लीचा पुतण्या लौनिस याचं खाली हमरस्त्यावर दुकान. तो साच्यात ओतलेले दागिने विकतो, पोवळ्याच्या जागी प्लास्टिक. माणूस वाईट नाही. पण त्याला आमची कामाची खोली हवी होती, माल ठेवायला. दा अक्लीला मुलगा नाही, म्हणजे बाक रीतीप्रमाणे पुतण्याकडे जाणार, हे सगळ्यांनी धरलेलंच होतं. लौनिस येई, कॉफी पिई आणि खोलीची लांबी-रुंदी डोळ्यांनी मोजी.

"सक्कूरा, तू आठवड्याला चांदीचं एक फूल करतेस," तो म्हणे. "माझं यंत्र जेवणाच्या सुट्टीपर्यंत दोनशे करतं."

"म्हणून तुझी बायको फुलं माझ्याकडून घेते."

"तिचं सोड. ही पट्टी मला दे. दुकानात दिव्याखाली टांगू. पर्यटक विचारतील हे काय, आपण सांगू, प्राचीन."

"प्राचीन काय?"

"ते त्यांचं ते ठरवतील."

मी बाकावर पडल्या पडल्या हे ऐकत होते. दिव्याखाली टांगणं म्हणजे खिडकीत अडकवण्याचीच बढती, हे न कळण्याइतकी मी नवी नव्हते.

शेवटी वसंतात दा अक्लीनं दोघांना समोर बसवलं. "आमच्या घरात एकच नियम," तो म्हणाला. "माझ्या बापानं मला लावला, मी तुम्हाला लावतो. ज्याचं काम गावच्या झऱ्यावर कपाळावर दिसत नाही, तो कारागीर नव्हे. उन्हाळ्यात दागिन्यांची जत्रा आहे. तोवर सक्कूराच्या हातचा दागिना झऱ्यावर कुणाच्या कपाळावर दिसला, तर बाक तिचा. नाही दिसला, तर खोली लौनिसची."

"आणि पट्टी?" लौनिसनं विचारलं.

"पट्टी बाकाबरोबर."

तर आता सक्कूराला एक कपाळ हवं होतं. आणि कपाळ मिळायला कुणाला तरी मुलगा व्हायला हवा होता. हा आमच्या धंद्यातला पेच आहे, मित्रांनो. इतर दुकानदार गिऱ्हाईक दारात यायची वाट बघतात. आम्ही ते जन्माला यायची बघतो.

दहा दिवसांनी वरच्या आळीची ना फरुजा आली. गावातली सगळ्यात टणक म्हातारी. तिची सून देहबिया सातव्या महिन्यात होती. फरुजानं पदराची गाठ सोडून जुने, तुटके वाळे बाकावर ओतले. आमच्याकडे चांदी गिऱ्हाईकच आणतं. "माझ्या आईचे," ती म्हणाली. "वितळव. कपाळाचा कर. मोठा."

"अजून दोन महिने आहेत, ना फरुजा," सक्कूरा म्हणाली. "मुलगा की मुलगी, कोण सांगणार?"

"मी सांगते. पोरगी अर्ध्या रात्री उठून कच्चा कांदा खाते. कांदा म्हणजे मुलगा. अंजीर मागितलं असतं तर मी तुझ्याकडे आलेच नसते."

फरुजाचे असे अंदाज आजवर नवांपैकी पाच बरोबर आले होते. चुकलेले चार ती मोजत नसे.

जुन्या रीतीनं कपाळाच्या दागिन्याची चांदी मुशीत टाकतात ती बार ऐकल्यावर. मुलगा झाला की घरचे बंदुकीचा बार काढतात. तो दरीत घुमला की कारागीर भट्टी पेटवतो. दा हम्मूनं तसंच केलं, दा अक्लीनं तसंच केलं. पण घडवायला दोन महिने लागतात आणि जत्रा साडेतीन महिन्यांवर होती. सक्कूरानं बार न ऐकता भट्टी पेटवली. दा अक्ली त्या वेळी खोलीतच होता. तो फक्त खोकला. सक्कूराला वाटलं, धूर गेला.

मी खोटं बोलणार नाही, तसं काम मी दा अक्लीच्या ऐन उमेदीतही पाहिलं नव्हतं. सक्कूरानं सत्तावीस भोकांपर्यंत तार ओढली आणि मग थांबली. वडील एकतिसाव्यापर्यंत नेत. तिला नक्षीत थोडं अंग हवं होतं. निळा मिना तिनं तीनदा फोडून पुन्हा भरला. मधल्या पोवळ्याभोवती आठ पाकळ्या, आणि खाली लोंबणारे सात थेंब, चालताना एकमेकांवर वाजतील इतपतच सैल. या दोन महिन्यांत तिनं फोनकडे बघितलंसुद्धा नाही. माँट्रियलची बाई तीनदा विचारून गेली.

देहबियाचे दिवस भरले, तेव्हा आमचं सगळं घर कान लावून बसलं. दुपारी दरीत एक बार झाला. सक्कूरा ताडकन उठली.

"बस," दा अक्ली म्हणाला. "रानडुकराचा आहे. आवाज खालून आला."

संध्याकाळ झाली. आमच्या डोंगरात मुलगी झाल्याची बातमी आवाजानं येत नाही. आवाज न आल्यानं येते. उजेड जाईपर्यंत बार झाला नाही, तेव्हा ना वर्दियानं पीठ मळायला घेतलं आणि कुणाला ऐकू जाईल न जाईल अशा बेतानं म्हणाली, "सुखरूप सुटली म्हणजे झालं."

आठ दिवसांनी ना फरुजा आली. सक्कूरानं डबी उघडून समोर ठेवली. म्हातारीनं थेंबांना एक बोट लावलं, ते वाजले, तिनं बोट मागे घेतलं.

"डबीत राहू दे," ती म्हणाली. "पुढच्या वेळी नेईन."

"ना फरुजा, छातीवर तरी लावू द्या तिला."

"छातीवर लहान लावतात. हा मुलाच्या मापाचा आहे."

"मग कपाळावरच लावू द्या की. काय बिघडतं?"

यावर फरुजा चिडली नाही. चिडली असती तर सोपं गेलं असतं. ती खाली बसली. "पोरी, मला आधी पाच मुली झाल्या," ती म्हणाली. "अकरा वर्षं मी उघड्या कपाळानं पाणी भरलं. जाऊबाई माझ्यापुढे मुद्दाम मान हलवायची, दागिना वाजायला. सहाव्या वेळी मुलगा झाला तेव्हा कुठे माझ्या कपाळाला चांदी लागली. मला कुणी सूट दिली नाही. मी हिला का देऊ?"

फरुजाच्या त्या जावेच्या दागिन्याची तार माझ्यातूनच गेली होती.

फरुजा गेली. जत्रेला महिना-सव्वा महिना राहिला होता आणि गावात दुसरं कुणी गरोदर नव्हतं. सक्कूरानं डबीचं झाकण लावलं आणि फोन उघडून माँट्रियलच्या बाईला उत्तर लिहायला घेतलं. 'आदरणीय बाई' एवढं लिहून ती थांबली. लौनिस येऊन खोलीत मापाची टेप धरून गेला. तसा तो मनानं चांगला आहे. सक्कूरा संध्याकाळी एकटी बाकाशी बसे, मला फडक्यानं पुसे, आणि पुसून झाल्यावर पुन्हा पुसे.

एक दिवस सक्कूरा सरपण आणायला गेली होती, तेव्हा ना वर्दिया खोलीत आली. ही बाई या खोलीत फक्त जेवायला बोलवायला यायची. तिनं डबी उघडली. मी बाकावरून बघत होते, आणि तेव्हा पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं. दा अक्लीनं माझ्यातून ओढलेली तार सात गावांतल्या कपाळांवर पोचली होती. फक्त त्याच्या स्वतःच्या घरातलं कपाळ कोरं होतं. वर्दियाला एकच मूल झालं, आणि ते सक्कूरा. त्या दिवशीही बार झाला नव्हता. दा अक्लीनं बायकोला छातीवरचा लहानसा दागिना घडवून दिला होता, कामात कसूर नव्हती. रीत म्हणजे रीत. चौतीस वर्षं दोघांपैकी कुणी त्यावर अवाक्षर काढलं नाही.

वर्दियानं झाकण लावलं आणि बोटांवर काहीतरी मोजलं. दिवस मोजत असावी.

पुढचं मी पाहिलेलं नाही, कारण मला झऱ्यावर कोण नेणार. पण त्या दिवशी सात बायकांनी खोलीत येऊन सात वेळा सांगितलं, त्यावरून सांगते.

बाळंतीण चाळिसाव्या दिवशी पहिल्यांदा झऱ्यावर जाते. जत्रा चार दिवसांवर होती. घराघरांत नळ आहेत, पण त्या सकाळी झऱ्यावर गर्दी असते, कारण नळ बातम्या देत नाही. फरुजा सुनेला घेऊन आली. देहबियाच्या कपाळाला साधा रुमाल होता. सगळ्यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. इतक्यात वरच्या वाटेनं घागर घेऊन ना वर्दिया उतरली. सहासष्ट वर्षांची बाई, वाकलेली, आणि कपाळावर तळहाताएवढी चांदी, निळी-हिरवी-पिवळी, पावलागणिक वाजत.

सगळ्यात थोरली बाई म्हणाली, "वर्दिया, हे काय? या वयात मुलगा झाला की काय?"

"मुलगी झाली," वर्दिया म्हणाली. "चौतीस वर्षं झाली. दागिना आत्ता तयार झाला."

फरुजानं दागिना ओळखला. "ती माझी चांदी आहे. माझ्या आईचे वाळे आहेत ते."

"तुझेच आहेत. म्हणून तर चमकतायत."

"काढ."

"काढते की. पण कपाळावरून उतरलेला दागिना पुन्हा डबीत जात नाही, फरुजा, तो कपाळावरच जातो. तुझ्या सुनेचं कपाळ हे इथंच आहे. तिथं नको असेल तर इथं ठीक आहे, मला काही जड होत नाही."

"अकरा वर्षं, वर्दिया. अकरा वर्षं मी अशी उभी होते इथं."

"मी चौतीस," वर्दिया म्हणाली. "पैज असेल तर मी जिंकले. आता आपण दोघी म्हाताऱ्या हिलाही या पैजेत उतरवायचं का?"

यानंतर फरुजाचं काय झालं, यावर सात बायकांचं एकमत नाही. तिघी म्हणतात ती रडली. दोघी म्हणतात तिनं शिव्या दिल्या. एक म्हणते दोन्ही. एक म्हणते डोळ्यात साबण गेला. पण एका गोष्टीवर सातही जणी ठाम आहेत. फरुजानं स्वतः वर्दियाच्या कपाळावरचा दागिना काढला, सुनेपुढे उभी राहिली, तिच्या रुमालाला तो लावायला घेतला, आणि देहबियानं मान मागे घेतली तेव्हा तिची हनुवटी धरून म्हणाली, "हलू नकोस. मुलीसाठी पहिल्यांदाच लावतेय, तिरका बसेल."

झऱ्यावरून वर येताना बायकांना पुरुषांच्या पारावरून यावं लागतं. दा अक्ली तिथं बसला होता, शेजारी लौनिस. बायका आल्या. दा अक्ली उठला आणि देहबियाला म्हणाला, "थांब पोरी." मग मान वाकडी करून त्यानं दागिना खालून पाहिला, वरून पाहिला, एक थेंब उलटा करून पाहिला.

"डावीकडच्या पाकळीचा डाख जरा जाड आहे," तो म्हणाला. मग लौनिसकडे वळला. "तू खोली दुसरीकडे बघ."

लौनिसनं खिशातून टेप काढून दुसऱ्या खिशात ठेवली. त्यालाही काहीतरी करायला हवंच होतं.

हे इथंच संपलं असतं तरी मी तुम्हाला सांगितलं असतं. पण दुपारी दा अक्ली घरी आला. वर्दिया खोलीच्या उंबऱ्यावर डाळ निवडत बसली होती. सक्कूरा भट्टीशी. वर्दियाचं कपाळ पुन्हा कोरं, आणि दागिन्याच्या भारानं तिथं एक तांबडा वळ उठलेला. दा अक्ली तो वळ बघत उभा राहिला. मग गिऱ्हाइकांना आयुष्यभर जे विचारत आला, ते त्यानं बायकोला पहिल्यांदा विचारलं.

"केवढा करू?"

वर्दियानं डाळीतून एक खडा काढून बाजूला टाकला. "पूर्वी विचारलं असतंत तर मोठा सांगितला असता. आता मान दुखते. मध्यम करा."

दा अक्लीनं बाह्या वर केल्या. सक्कूरानं मला बाकाच्या खाचेत बसवलं आणि दोन्ही हातांनी धरलं. त्यानं पाय टेकवले आणि सांडशी घेतली. अकरा वर्षांहून जास्त काळ त्यानं तार ओढलेली नव्हती. पहिल्या भोकातून चांदी कुरकुरत आली. दहाव्याला त्याचा खांदा वाजला. एकोणिसाव्याला तो थांबला, श्वास घेतला आणि सांडशी मुलीकडे दिली. पुढची तिनं ओढली, तोवर त्यानं मला धरलं. त्या तारेत त्याची ओढ कुठे संपते आणि तिची कुठे सुरू होते, हे भिंग लावूनही सापडणार नाही. मला विचारा. ती माझ्यातून गेली आहे.

"सत्तावीसला थांबू का, बाबा?" सक्कूरानं विचारलं.

"तुझं तू ठरव," तो म्हणाला. "बाक तुझा आहे."

त्या पावसाळ्याअखेर मुलींच्या तीन आयांनी कपाळाचे दागिने मागितले. एकीच्या नवऱ्यानं मागणी मागे घेतली, मग बायकोनं पुन्हा दिली. बार मात्र अजून मुलग्यांचेच निघतात. सगळं एकदम बदलायला हा काही लौनिसचा साचा नाही. ना फरुजा आता सांगत फिरते की ही रीत तिनंच काढली, आणि कांद्याचा अंदाजही चुकला नव्हता, कांदे जुने होते. लौनिसच्या दुकानात 'मुलीच्या आईचं कपाळ' नावाचा ओतीव दागिना आलाय, प्लास्टिकच्या पोवळ्याचा, दिवसाला दोनशे. माँट्रियलच्या बाईनं त्याचा फोटो सक्कूराला पाठवून विचारलं, की अगदी असाच, पण हातानं केलेला, मिळेल का.

मित्रांनो, मी आता थकले आहे. माझं सातवं भोक झिजून पाचव्याएवढं झालंय. पण माझं एवढं ऐका. हातानं घडवलेली वस्तू तुमच्याकडे आली, तर ती किती वेळ कुणाच्या पायांच्या जोरावर ओढली गेली असेल, याचा एकदा विचार करा. ज्यानं ती केली त्याला त्याचं काम चांगलं झालं असं तोंडानं सांगा. दारातून बघून गप्प जाऊ नका, आमच्याकडे तसे लोक पुष्कळ आहेत. जुन्या अवजाराला गंज चढण्याआधी तेलाचं बोट लावा. आणि ज्याचं कपाळ तुमच्या समोर, तुमच्याच घरात, वर्षानुवर्षं कोरं आहे, त्याला वेळेवर विचारा, केवढा करू.

आणि सक्कूराकडे कधी आलात, तर कॉफीची किटली माझ्यावर ठेवू नका. शेजारी लाकडी पाट आहे.